इवायाला पावती मागत नसतात

माझ्या घरी लोखंडाची एक पेटी आहे. तिच्यात सोनं-नाणं नाही, बियाण्याच्या पिशव्यांचे टॅग आहेत. पिशवीच्या शिलाईत जाड कागदाचा तुकडा असतो, लॉट नंबर छापलेला, तो मी कधी फेकत नाही. पावतीला टाचणीनं लावायचा आणि पेटीत टाकायचा. पेरणीच्या वेळी प्रत्येक पिशवीतलं मूठभर बीही मागे ठेवतो, त्याच पिशवीत, तोंड बांधून. पीक घरी येईपर्यंत ती मूठ पेटीतून निघत नाही. शाळा मी चौथीपर्यंत पाहिली, पण लॉट नंबर वाचण्यापुरती ती पुरली.

एका साली सोयाबीन उगवलंच नाही. दुकानदार म्हणाला, "बुवा, तुमीच खोल पेरलं असन."

मी पेटी उचलून नेली आणि दर्यापूरच्या भर बाजारात त्याच्या काउंटरवर ठेवली. पावती, टॅग, मूठभर बी. "आता सांग," म्हटलं, "खोल कोन गेलं, मी का तू?"

वावरात साहेब लोक आले, पंचनामा झाला, दुकानदारानं नव्या बॅगा दिल्या. पेरणीचा वखत निघून गेला होता, ती गोठ वेगळी. पण तेव्हापासून मला कच्च्या कागदावर माल द्यायला कोणी धजत नाही. मी दुकानात शिरलो की ते आपसात म्हणतात, पेटीवाले आले. मला त्याचा गर्व होता. अजूनही आहे. म्हणूनच पुढचं लिहायला हात वळत नाही. बियाण्याची एवढी शहानिशा करणाऱ्या माणसानं आपल्या बायकोच्या तोंडात काय जाते हे पाहिलं नाही. पाहिलं, असं खरं म्हणायला पाहिजे. पाहिलं आणि चूप बसलो.

बायकोचे गुडघे गेले होते. जन्मभर निंदण, सोंगणी, कापसाची वेचणी. दर्यापूरचा डॉक्टर म्हणाला, गादी झिजली, वय झालं, रोज इतका व्यायाम करा, ओझं उचलू नका, फार दुखलं तरच ही गोळी. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "वय झालं हे सांगाले यवढी फी? हे तं मीच त्याले फुकटात सांगतलं असतं." व्यायाम तिनं चार दिवस केला. पाचव्या दिवशी म्हणाली, लोक हसतात.

तेव्हा आमचे इवाई आले. इवाई म्हणजे माझ्या मुलीचे सासरे; तेही मला इवाई म्हणतात आणि माझ्या बायकोला ईनबाई. अकोल्याला राहतात, एका कचेरीतून बाबू म्हणून रिटायर झाले. रिटायर झाल्यावर माणसाला काही उद्योग लागतो, म्हणून ते एका कंपनीत शिरले. कंपनीचं दुकान नव्हतं. हॉटेलात मिटिंगा व्हायच्या, टाळ्या व्हायच्या, आणि मग हे लोक घरोघरी डबे घेऊन जायचे. भर एप्रिलच्या उन्हात ते आमच्या अंगणात टाय लावून उतरले. सोबत माझी मुलगी होती.

"इवाई, हे ईनबाईसाठी आनलं. नाई म्हनू नका," म्हणाले आणि पिशवीतून डबा काढला.

"कायचं व्हय हे?"

"ताकदीचं. हाडं, सांधे, रक्त, समद्यावर चालते. शंभर टक्के जडीबुटी. मी सोता घेऊन राहिलो तीन महिन्यांपासून. पाहा ना माह्या तोंडाकडे."

आम्ही पाहिलं. तोंड गोल झालं होतं, गाल लाल. माझी बायको दाराआडून म्हणाली, "तेज आलं बापा इवायाच्या तोंडावर." मलाही तेच वाटलं.

डबा माझ्या हातात आला. वर डोंगराचं चित्र, पानं, आणि डोक्यावर टोपली घेतलेली एक आदिवासी बाई. खाली लिहिलेलं, मेळघाटच्या जंगलातली शुद्ध मुसळी, आदिवासी भगिनींनी प्रेमानं वेचलेली. माझ्या हाताला सवय आहे, हातानं डबा आपोआप उलटा केला. बॅच नंबर असं छापलं होतं, पुढे कोरं. परवान्याचा नंबर नव्हता. कोणी बनवलं, कुठे बनवलं, काही नव्हतं.

मी तोंड उघडलं. "इवाई, याच्यावर..."

मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, फक्त पाहिलं. मी डबा सरळ केला आणि म्हणालो, "याच्यावर चित्र लय चांगलं हाय."

आमच्याकडे मुलीचा बाप इवायाच्या हातून आलेली वस्तू उलटून पाहत नाही. लग्नात त्यांच्याकडून आलेल्या लुगड्याचा पोत नुसता बोटानं पाहिला तरी ते वर्षानुवर्षं बोलून दाखवतात. पावती मागणं म्हणजे तर तोंडावर चोर म्हणणं. आणि त्याचं उट्टं बापावर निघत नाही, मुलीवर निघते, रोज उलसं उलसं, थोडं थोडं, भाजीच्या मिठावरून. इवाई माणूस वाईट नव्हते, आजही म्हणत नाही. पण मान लवकर दुखावणारे होते. तसा मीही आहे.

डब्यात प्लास्टिकचा एक चमचा होता. सकाळी एक, दुधातून. डबा संपत आला की इवाई दुसरा पाठवायचे. मी स्वतः द्यायचो, कारण तिला चव आवडत नव्हती आणि ती टाळायची.

आठव्या दिवशी सकाळी चुलीपाशून हाक आली, "अवो, पाहा इकडे." जाऊन पाहतो तर ती उकिडवी बसली होती. किती वर्षांनी. तशीच उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली, आणि लहान पोरीसारखी हसायला लागली. त्या आठवड्यात ती माझ्यासोबत वावरात आली, पायी. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून म्हणाली, "यवढं तन वाढू देलं तुमी? मी नाई म्हनून?" दिवसभर मला बोलणी बसली आणि दिवसभर मी खूश होतो.

मी गावात सांगत सुटलो. पेटीवाले सांगतात म्हटल्यावर लोकांनी ऐकलं. दोघांनी डबे मागवले. तिसऱ्याला परवडला नाही, तो आज पारावर बसून बिडी ओढतो. त्या दोघांच्या घरापुढून मी जात नाही.

पावसाळ्यात तिचं तोंड भरलं. बाया म्हणायच्या, "अवं, आंग धरलं तुनं! काय खाऊ घालते बुढा?" ती लाजायची. पोट सुटलं, हात मात्र बारीकच. उलसं कुठे लागलं की कातडीवर जांभळा डाग पडायचा. मी म्हणायचो, रक्त वाढलं. संध्याकाळी पाय सुजायचे, मी म्हणायचो, चालली जास्त. प्रत्येक गोष्टीला माझ्याजवळ जबाब तयार असे. एखादा दिवस पावडर चुकली की ती अंथरुणातून उठत नसे, सगळं अंग मोडून यायचं. मला वाटलं, बघा, किती गुणकारी आहे, एक दिवस नाही घेतली तर असं होते. मी इवायाला फोन केला. ते म्हणाले, "दोन चमचे करा." मी दोन केले.

कापूस फुटला तेव्हा तिला उलट्या लागल्या. अन्न पोटात ठरेना. लघवी कमी झाली होती, पण हे ती मला सांगायला लाजली, पंधरा दिवस लाजली. जीपमध्ये घालून दर्यापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं रक्त तपासलं आणि म्हणाला, अकोल्याला न्या, आत्ताच.

अकोल्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, "काही औषध चालू आहे का यांना?"

"नाई," मी म्हणालो.

"काहीच नाही? चूर्ण, टॉनिक, कोणाचं काही?"

"टॉनिक हाय. पन ते औषध नव्हे. जडीबुटी व्हय ते."

तिचा पेन थांबला. "उद्या डबा घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिनं डबा हातात घेतला आणि माझ्यासारखाच उलटा केला. बरोबर तसाच. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, शेती करता ना? बियाण्याची बॅग अशी कोरी घेतली असती का तुम्ही?"

खोलीत आणखी चार जण होते. मी खाली पाहिलं. पायातली चप्पल वावरातल्या काळ्या मातीनं भरली होती.

तिनं मग रागानं नाही, सावकाश सांगितलं. आठ दिवसांत झिजलेला गुडघा मोकळा करील अशी मुळी जंगलात उगवत नाही. जे इतक्या लवकर गुण देते त्यात बहुतेक दुखणं दाबायच्या गोळ्या आणि स्टेरॉइड दळून टाकलेलं असते. त्या गोळ्या रोज पोटात गेल्या की किडनी जाते. तपासणी झाल्याशिवाय ती छातीठोक म्हणणार नाही, पण तोंडाची सूज, डाग, वाढलेली साखर, सगळं तिकडेच बोट दाखवते. डब्यावर परवान्याचा नंबर पाहिजे, बनवणाऱ्याचा पत्ता पाहिजे, बॅच, तारीख, आत काय आणि किती ते पाहिजे. नंबर नुसता छापला म्हणून खरा धरायचा नाही, तो मोबाइलवर तपासता येतो. आणि घेण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारायचं, दुसरं काय चालू आहे ते सांगून.

"आता हा डबा बंद," ती म्हणाली. "पण एकदम तोडलं तरी धोका आहे. आम्ही मोजून गोळी देऊ आणि हळूहळू उतरवू."

"अन् किडनी?"

"किडन्या गेल्यातच जमा आहेत, आजोबा."

आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायचं ठरलं. पाणी मोजून. दुखण्याच्या जोराच्या गोळ्या बंद, किडनीला सोसत नाहीत म्हणून.

मी हट्टी माणूस आहे. मनात कुठेतरी होतं, डॉक्टरीण चुकली असेल, मुसळी खरी असेल, दुसऱ्याच कशानं झालं असेल. बायको जरा सावरल्यावर डबा पिशवीत घातला आणि परतवाड्याला गेलो, आठवडी बाजाराच्या दिवशी. तिथे मेळघाटातून उतरलेल्या कोरकू बाया जंगलातला माल घेऊन बसतात. एकीपुढे फडक्यावर मुसळीच्या वाळलेल्या पांढऱ्या मुळ्या होत्या. बाई माझ्या वयाची.

"कायले पायजे बाबा?"

"गुडघ्याले."

"गुडघ्याले नाय होत. कोन सांगतलं? हे कमजोरीले चालते. गुडघ्याले घेऊ नको, पैसा जाईन."

एवढ्या वर्षांच्या बाजारात, आपला माल तुझ्या कामाचा नाही असं न विचारता सांगणारी ती एकटीच भेटली. मी डबा काढून तिच्यापुढे धरला. तिनं चिमूट घेतली, नाकाशी नेली, पाण्याचा थेंब टाकून बोटांत चोळली.

"हे मुसळी नाय. मुसळी पान्यात लिसलिस होते, चिकट. हे पीठ हाय काही तरी." मग चित्राकडे पाहून ती हसली, पार खोकला येईपर्यंत. शेजारणीला दाखवून म्हणाली, "पाय वो, ही कोन? ही आमच्यातली नाय. टोपली कशी धरली पाय, कधी धरली नाय तिनं. हे सिनेमातलं."

शेजारीण म्हणाली, "आमाले न इचारता आमचंच नाव टाकते."

मी विचारलं, खरी मुसळी तरी अशा डब्यांत जाते का. तिनं खांदे उडवले. "व्यापारी नेते. कुठं नेते ते आमाले नाय सांगत. पहिले गावाजवळ भेटे, आता दोन डोंगर पलीकडे जा लागते. बारीक मुळी मातीत ठेवा लागते बाबा, नाईतं पुढच्या साली काय खोदशील? पन व्यापाऱ्याले समदंच पायजे, बारीकबी. नाय देलं तं दुसरीकडून घेते." बोटं पुसत तिनं डबा परत दिला. "तुय्या घरी कोनी खाल्लं का हे?"

"खाल्लं."

माझ्यामागे गिऱ्हाईक उभं होतं, त्याला तिनं हातानं थांबवलं.

परतवाड्याहून मी घरी न जाता अकोल्याला गेलो, तसाच, धुळीनं भरलेला. इवाई झोपाळ्यावर बसले होते. तोंड आणखी सुजलं होतं, मान खांद्यात गेली होती. हातावर तसेच जांभळे डाग. आता मला ते तेज दिसलं नाही, जे होतं ते दिसलं.

डबा टेबलावर ठेवून मी म्हणालो, "इवाई, याची पावती द्या."

"कायची?"

"तुमी कोनाकून घेतला त्याची. बॅच लिहून द्या. मी तक्रार करतो."

ते आधी हसले, मग हसू गेलं. "इवाई, तुमी माह्यावर केस करता? आपल्या इवायावर?"

"तुमच्यावर नाई. ज्यानं हे बनवलं त्याच्यावर. तुमी पन घेऊ नका. तुमचंही तोंड पाहा आरशात. रक्त तपासा, आजच्या आज."

"ईनबाईले साखर होती, तुमी आमाले सांगतलं नाई. डबा कायले खराब राहीन? मी खातो ना सोता!" त्यांचा आवाज चढला. "हे इषारी असतं तं मी आपल्या तोंडात घातलं असतं का?"

ते खरंच खात होते. त्यांनाही कोणी तरी आपल्याच माणसानं दिलं असेल, आणि त्यांनीही डबा उलटा करून पुन्हा सरळ केला असेल. जवाई आतल्या खोलीत होते, ते बाहेर आले नाहीत.

मुलगी मला फाटकापर्यंत सोडायला आली. पदरानं तोंड पुसत होती. सासऱ्याला ती मामाजी म्हणते.

"बाबा, मामाजीचं नाव कागदावर आलं तं मी कुठं राहू?"

"माह्या घरी ये."

"दोन लेकरं घेऊन? अन् मंग?" ती म्हणाली. "तवा मी तुमच्याकडे नुसतं पाह्यलं. बोलू नका असं म्हटलं नव्हतं मी."

"मले तसंच वाटलं पोरी."

"मले वाटलं तुमी बोलान," ती म्हणाली. "तुमी समद्यायले बोलता. मी तं त्याचीच वाट पाहून राह्यली होती."

हे मी घरी बायकोला सांगितलं नाही. बायको म्हणाली, "माह्यं जे झालं ते झालं. पोरीचं घर मोडू नका, माह्यी आन हाय तुमाले." तरी एकदा मी अमरावतीला गेलो. तिथे एक कचेरी आहे जिथे असा माल तपासायला देता येतो. फाटकापर्यंत गेलो, समोरच्या टपरीवर बसलो, डबा मांडीवर. शिपायानं दोनदा विचारलं, "बाबा, कोणाला भेटायचं?" दोन वाजता तो जेवायला गेला, मी बसस्टँडवर आलो. सोयाबीनच्या त्या दुकानदाराशी मी भर बाजारात भांडलो होतो. तो माझा कोणी लागत नव्हता.

इवाई अजून डबे विकतात. कंपनी बदलली, असं मुलगी फोनवर सांगते. आता डब्यावर डोंगर नाही, समुद्र आहे. या आखाजीला, अक्षय तृतीयेला, ती माहेरी आली नाही. येऊ दिलं नाही की आली नाही, हे मी विचारलं नाही.

सोमवारी आणि गुरुवारी आम्ही जीपनं दर्यापूर, तिथून बसनं अकोला करतो. बायको आता काटकुळी झाली. तोंडाची सूज उतरली तशी तिची हाडं दिसायला लागली, आणि गुडघे पुन्हा आले. पहिल्यापेक्षा जास्त. घरातल्या घरात भिंत धरून चालते. डॉक्टरीण जी गोळी देऊ शकते ती देते, तिनं काही होत नाही, हे डॉक्टरीणही जाणते.

डबा पेटीत आहे. अर्धा भरलेला, तोंड बांधलेला, बियाण्याच्या मुठींच्या बाजूला, आत तो चमचा. कधी ना कधी तपासायला देऊ म्हणून ठेवला होता.

परवा बायको म्हणाली, "अवो, पेटीत थो डबा हाय ना अजून?"

"कायले पायजे?"

"एक चमचा देता का? एकच. मले वावरात जायचं हाय एकदा. धुऱ्यापरेंत."

"मरशीन ना वं."

"तसीबी मरूनच राहिली ना," ती म्हणाली, साधी, भाजी काय करू विचारावं तशी. "त्यानं मी उकिडवी बसली होती. तुमी पाह्यलं होतं. खोटं होतं का ते?"

मी उठून बाहेर गेलो. तेव्हापासून ती रोज मागते, सकाळी, दुधाच्या वेळी. मी पेटीची चावी कंबरेच्या करदोड्याला बांधली आहे. डबा देतही नाही आणि शेणखताच्या खड्ड्यात फेकतही नाही. ती मागते, मी नाही म्हणतो, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडते. उद्या गुरुवार आहे.